उड्डाणाआधीची थप्पी

अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या कणांचे माग टिपायला प्लास्टिकच्या शीट्सची थप्पी यानातून पाठवायची आहे, तिची ही तयारी. सीआर-३९ची सगळी शीट्स एकाच बॅचची घ्या. चष्म्याच्या भिंगांचंच हे प्लास्टिक, पण भिंगाला चालणारी उन्नीस-बीस इथे महागात पडते. सारख्या वेगाच्या अणुकेंद्रांचं आयनीकरण, म्हणजे वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवणं, विद्युतभाराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. मँगनीजच्या २५ चा वर्ग ६२५, लोहाच्या २६ चा ६७६. या जेमतेम ८ टक्क्यांवरच दोघांना वेगळं ओळखायचं असतं. त्यासाठी तुलनेला म्हणून त्याच बॅचचे तुकडे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, प्रवेगकावर, नेऊन लोहाच्या केंद्रकांच्या झोताखाली आधीच धरून ठेवा. हे काम ‘नंतर बघू’ म्हणून ढकलू नका.

प्रत्येक शीटवर नंबर आणि वरच्या बाजूची खूण कोरूनच घ्या, मार्करवर विसंबू नका. गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शीट तासन्‌तास बुडणार आहे. कणाच्या वाटेवरचं प्लास्टिक तिथे बाकीच्यापेक्षा भराभर झिजतं आणि शंकूसारखा खळगा पडतो. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळेही असे खळगे पडतात, म्हणून थप्पी अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात सीलबंद ठेवा आणि सील केल्याची तारीख वर लिहा. शेजारी तापमान नोंदणारं यंत्र हवंच, कारण कण शिरताना शीट किती गरम होतं यावर खळग्याचा आकार बदलतो.

आता वेळेचं. प्लास्टिकला घड्याळ नसतं. १९८५ साली चॅलेंजर या अंतराळयानातून स्पेसलॅब-३ या प्रयोगशाळेबरोबर गेलेल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ‘अनुराधा’ या प्रयोगाने यावर सुरेख तोड काढली होती: वरची थप्पी स्थिर, खालची हळूहळू फिरणारी. मागाचे दोन तुकडे एकमेकांपासून जितके सरकलेले, त्यावरून कण आल्याची वेळ. वेळेवरून यान कुठे होतं ते. आणि तिथल्या भूचुंबकीय क्षेत्रावरून कणाचे किती इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत याचा अंदाज. तुमची थप्पी फिरणारी असेल तर मोटर आणि कोन मोजणारं यंत्र दोन्ही तपासा. स्थिर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

माणसं असलेल्या यानात डिंक, टेप, फोम सगळ्याची ज्वलनशीलतेची आणि वायू सुटण्याची चाचणी लागते. कोपरे गोल करा. केबिनमध्ये ठेवणार असाल तर भिंतीची जाडी आणि आजूबाजूचं सामान नोंदवा. जड केंद्रकं वाटेतच फुटतात आणि आत त्यांचे तुकडे पोचतात. अंतराळवीरांचा वेळ मात्र मिनिटांत मागा, तासांत नव्हे.

आणि तुलनेसाठी हुबेहूब दुसरी थप्पी जमिनीवर ठेवा. यान उतरल्यावर दोन्ही कॉस्टिकच्या एकाच कुंडात, एकाच वेळी सोडायच्या आहेत.