पॉलिश कोंबड्यांचा रंग: जोडी लावण्यापासून प्रदर्शनापर्यंत

डोक्यावर पिसांची भली मोठी शेंडी असणारी पॉलिश कोंबडी आपल्याकडचे हौशी लोक ‘पॉलिश कॅप’ म्हणून ओळखतात. अमेरिकेच्या प्रदर्शन-मानकात पांढऱ्या शेंडीची काळी पॉलिश 1874 पासून आहे, निळी 1963 साली आली. या जातीचा रंग जोडी लावतानाच ठरतो. प्रदर्शनाआधीच्या आंघोळीने फक्त मळ निघतो.

निळ्याचा हिशेब सरळ आहे. निळा-निळी जोडीतून सरासरी निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश (पांढरट अंगावर निळे-काळे शिंतोडे) निघतात. सगळीच निळी हवीत तर काळ्याला स्प्लॅश लावा.

शॅमॉयचे काम नाजूक. बदामी पिसाला पांढरी किनार असा हा रंग म्हणजे मुळात गोल्डन लेस्डच, म्हणजे सोनेरी पिसाला काळी किनार. प्रबळ पांढऱ्या जनुकामुळे काळी किनार पांढरी होते. तेच जनुक बदामी रंगही थोडा उतरवते, म्हणून पिढ्यानपिढ्या शॅमॉयला शॅमॉयच लावत गेलात तर पक्षी फिकट पडतात. मधूनमधून गडद रंगाचा गोल्डन आणा. त्या पिल्लांत जनुकाची एकच मात्रा असते, त्यामुळे एखाद्या पिसावर काळा ठिपका उमटतो. तसे पक्षी प्रदर्शनाला नेऊ नका, पैदाशीला चालतात. सिल्व्हरमध्ये (पांढऱ्या पिसाला काळी किनार) मात्र गोल्डन मिसळू नका, नरांच्या पांढऱ्यावर पिवळसर झाक येते.

किनार तपासायला छातीचे, पाठीचे आणि पंखाचे एकेक पीस कागदावर ठेवा. किनार सगळीकडून सारखी हवी. फक्त टोकाशी चंद्रकोर असेल किंवा मधल्या रंगात काळी भुकटी दिसत असेल, तर तो पक्षी बाजूला काढा. एकच दोष असलेले नर-मादी कधीही एकत्र लावू नका. निवड पाचव्या-सहाव्या महिन्यात, मोठी पिसे आल्यावरच करा. पांढऱ्या शेंडीच्या पक्ष्यात चोचीच्या वर काळ्या पिसांचा पट्टा राहतोच. तो सर्वांत अरुंद असलेले पक्षी ठेवा.

एका नरामागे चार-पाच माद्या पुरेत. जोडी लावण्याआधी डोळ्यांवरची पिसे कापा, नाहीतर नराला दिसत नाही आणि अंडी रिकामी निघतात. नर बदललात तर पुढच्या तीन आठवड्यांची अंडी उबवू नका, बाप कोण ते कळणार नाही. ही जात क्वचितच खुडूक बसते, तेव्हा सात दिवसांच्या आतली अंडी पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये 37.5 अंशांवर ठेवा. पिल्लांच्या डोक्यावरचा उंचवटा हाडाने पुरता झाकलेला नसतो. दुसऱ्या जातीची पिल्ले तिथे टोचून त्यांना मारतात, म्हणून वेगळी वाढवा.

कडक उन्हात बदामी विटतो, पांढरा पिवळा पडतो आणि पुढच्या पीसगळीपर्यंत तसाच राहतो. सावलीत ठेवा. पिसे भरताना 20 टक्के प्रथिनांचे खाद्य द्या, पांढऱ्या पक्ष्यांना पिवळा मका कमी. शेंडी भिजणार नाही असे अरुंद तोंडाचे पाण्याचे भांडे वापरा. कोकणच्या पावसात तर छपराखालीच ठेवा, ओल्या शेंडीत घाण अडकते. उवांचे औषध दहा दिवसांनी पुन्हा द्या, कारण लिखा पहिल्या वेळी मरत नाहीत.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी धुवा. कोमट पाण्यात सौम्य शाम्पू, शेंडीला मऊ टूथब्रश, नाकाकानात पाणी नको. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, साबण राहिला तर पिसे चिकटतात. शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घाला. पांढऱ्या शेंडीसाठी कपड्यांची नीळ वापरतात. पाण्याला जेमतेम रंग येईल एवढीच घाला, जास्त झाली की पट्टे उमटतात आणि परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाहीत.