तौलनिक राजकारणाचा पेपर देताय? मग निदान या चुका तरी टाळा

सेमिस्टर जवळ आली की रविवारी सकाळी ऐरोलीतल्या माझ्या घराबाहेर चपलांची रांग जिन्यापर्यंत जाते. एसवाय-टीवायची मुलं, कुणी कळव्याहून, कुणी घणसोलीहून, दोघी तर नेरूळवरून ट्रान्सहार्बर लोकलने येतात. विषय तौलनिक राजकारण, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या राजकीय व्यवस्था ताडून बघणं. बारा वर्षं हेच शिकवतेय आणि बारा वर्षं त्याच त्याच चुकांवर लाल पेन चालवतेय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. यातली एकही चूक विषय अवघड आहे म्हणून होत नाही, घाईमुळे होते.

सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ब्रिटन, उजवीकडे अमेरिका, आणि दोन्हीकडे दहा-दहा मुद्दे. हे वर्णन झालं, तुलना कुठाय? तुलनेला आधी प्रश्न लागतो. मी 1999 चं उदाहरण देते. एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, दुसऱ्या कुणालाच बहुमत जुळवता आलं नाही आणि देश निवडणुकीला गेला. आता जर्मनी बघा. तिथल्या 1949 च्या घटनेप्रमाणे संसदेला अविश्वास ठराव आणून चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, नुसतं घालवता येत नाही, त्याच वेळी पुढचा चॅन्सेलर निवडावा लागतो. 1972 ला विली ब्रांट यांच्याविरुद्ध असा ठराव आला तो फसला, 1982 ला हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. हा नियम घातला कारण वायमारच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या काळात एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला एकत्र यायचे, पण चालवायला नाही. आता प्रश्न तयार झाला ना, सरकार पाडणं सोपं ठेवलं तर काय होतं आणि अवघड ठेवलं तर काय होतं? यावर दीड पान लिहा, वीस मुद्द्यांच्या रेघेपेक्षा ते कधीही भारी.

आता जिचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. आपल्याला जे सिद्ध करायचंय तेवढेच देश उचलायचे.

माझा एक विद्यार्थी, हुशार, वाचन दांडगं. प्रोजेक्टचा विषय घेतला हुकूमशाही आणि आर्थिक विकास. देश चार: सिंगापूर, दक्षिण कोरिया, तैवान, चीन. निष्कर्ष एकदम ठाम, की कडक हात असला की देश पुढे जातो. मी म्हटलं होतं की द्यायच्या आधी मला दाखव, पण ऐकतो कुठे, सगळा विषय एका दमात उरकणारे एक-दोन वन शॉट व्हिडिओ बघून रात्रीत टाइप केला, स्टेशनजवळच्या दुकानात स्पायरल मारून घेतलं आणि सकाळी देऊन टाकला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "मोबुटूबद्दल काय सांगशील?" पोरगा गप्प. मग त्यांनी विचारलं, "बरं, मार्कोस?" तरी गप्प. रविवारी आला तेव्हा चेहरा एवढासा झाला होता आणि मलाच वाईट वाटत होतं, कारण मेहनत त्याने खरंच केली होती.

मग आम्ही डायनिंग टेबलवर बसून वर्षं मांडली. 1965 ला सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं. त्याच 1965 ला काँगोत मोबुटूने सत्ता घेतली, 1997 पर्यंत सोडली नाही आणि देश लुटून खाल्ला. त्याच 1965 ला फिलिपिन्समध्ये मार्कोस निवडून आले, 1972 ला मार्शल लॉ लावला, 1986 ला लोकांनी हाकललं तेव्हा देश कर्जात बुडालेला. 1961 ला दक्षिण कोरियात पार्क चुंग-ही लष्करी उठाव करून आले, 1962 ला बर्मात (आताचा म्यानमार) ने विन तसेच आले, आणि 1987 मध्ये बर्माचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या सर्वात मागास देशांच्या यादीत लागलं. म्हणजे कडक हात सगळीकडेच होता. मग कोरियाला जे जमलं ते बर्माला का नाही जमलं, हा खरा प्रोजेक्ट. आणि उलट बाजूला आफ्रिकेतला बोट्सवाना आहेच, 1966 ला स्वतंत्र झाला, तेव्हापासून नियमित निवडणुका, आणि तरी गरिबीतून वर आला. हिरे सापडले म्हणून, असं तो लगेच म्हणाला. बरोबर आहे, पण हिरे काँगोतही आहेत. तिथे तो थांबला आणि पहिल्यांदा विचार करताना दिसला.

तेव्हापासून माझी सवय सांगते, पद्धत वगैरे मोठं नाव नको. वहीचं शेवटचं पान दोनदा दुमडायचं, चार घरं होतात. हुकूमशाही आणि विकास, हुकूमशाही पण विकास नाही, लोकशाही आणि विकास, लोकशाही पण विकास नाही. प्रत्येक घरात किमान दोन देश बसल्याशिवाय निष्कर्षाचं एक वाक्यही लिहायचं नाही. एखादं घर भरतच नसेल तर का भरत नाही ते शोधायचं. मुलं कंटाळतात, कंटाळू देत.

आणखी एक चूक आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची खास, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. "राज्य" म्हटलं की आपल्या डोक्यात महाराष्ट्र येतो, आणि पुस्तकात तोच शब्द इंग्रजीतल्या स्टेट, म्हणजे सबंध देशाची शासनयंत्रणा, या अर्थाने येतो, मग सरकार, राजवट, राज्य सगळ्याची खिचडी. एका पेपरात मी वाचलं होतं की इटलीत साठहून जास्त वेळा राज्य बदललं. अरे, सरकारं बदलली! 1946 पासून तिथे प्रजासत्ताक आहे आणि ते तसंच आहे. इराणमध्ये 1979 ला शहा गेले आणि इस्लामी प्रजासत्ताक आलं, ती राजवट, म्हणजे सत्ता चालवायची पद्धत, बदलली, पण इराण नावाची राज्यसंस्था राहिली. सोमालियात 1991 ला राज्यसंस्थाच कोसळली, कर गोळा करायला आणि कायदा चालवायला कुणी उरलं नाही. तीन देश, तीन वेगळ्या गोष्टी. मी मुलांना सरळ सांगते, स्टेटसाठी राज्यसंस्था लिहा, महाराष्ट्रासारख्यासाठी घटकराज्य, आणि नुसतं "राज्य" पेपरात लिहूच नका.

काही झालं की "तिथली संस्कृतीच वेगळी" असं लिहून मोकळं होणं, हे पण बंद करा. एकीने लिहिलं होतं, ठाण्यात पाण्याची बोंब कारण नवी मुंबईचे लोक जास्त शिस्तीचे. अगं, दोन्हीकडे आपलीच माणसं, दोन्ही महापालिका राज्याच्या एकाच कायद्याखाली, मधे फक्त खाडी. पण नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे आणि ठाण्याला तीन-चार ठिकाणांहून पाणी घ्यावं लागतं. एक शहर 1970 पासून सिडको या सरकारी कंपनीने आखून वसवलं, दुसरं जुनं गाव वाढत वाढत शहर झालं. इतकं सारखं असलेल्या दोन ठिकाणी जो फरक उरतो तो पकडायचा, तुलना शिकायला याहून सोपा सराव नाही, ट्रेनच्या खिडकीतूनही करता येतो.

बाकीच्या पटापट. राष्ट्राध्यक्ष दिसला की अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत समजू नका, दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष तिथली संसद निवडते आणि संसदच घालवू शकते. ब्रिटनला संविधान नाही असं लिहू नका, ते एका दस्तऐवजात नाही एवढंच. मतं आणि जागा एकच धरू नका, 2024 ला ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या.

आणि सीनियरच्या सीनियरकडून आलेल्या झेरॉक्स. त्यात अजून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाची मुदत 7 वर्षं असते, ती 2000 च्या सार्वमताने 5 झाली. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय अजून हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, असतं, ते 2009 ला वेगळं झालं. चीनच्या अध्यक्षाला दोनच टर्म असतात, ती अट 2018 ला काढली. नेपाळात तर अजून राजा असतो! माझ्याकडे झेरॉक्स आणायची असेल तर पहिल्या पानावर त्या नोट्स कुठल्या वर्षाच्या ते पेनाने लिहून आणायचं, वर्ष माहीत नसेल तर ती बॅगेतच ठेवायची.