वळीव रस्त्यात गाठतो तेव्हा

मे महिन्यात पुण्याहून सोलापूरला जायचं तर मी पहाटे निघतो. वळीव सहसा दुपारी तीन-चारनंतरच येतो. जमीन दिवसभर तापते, दमट हवा वर चढते आणि ढगांचे मनोरे १२-१५ किलोमीटर उंच जातात. एवढी जमवाजमव व्हायला दुपार उलटावी लागते. पण घरातून वेळेवर निघणं आपल्या एकट्याच्या हातात थोडंच असतं!

१. निघण्याआधी वायपरची रबरं बोटाने चाचपून बघा. उन्हाने ती कडक होतात आणि ऐन वेळी काचेवर नुसते पट्टे ओढतात. वॉशरच्या टाकीत पाणी हवंच. वळवात आधी धूळ येते, मग चार टपोरे थेंब. तेवढ्यावर वायपर फिरवलात की समोर निव्वळ चिखल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. आसपास विजेचा धोका असला की ते इशारा देतं.

२. आभाळ वाचा. वारा पडतो, घामाच्या धारा लागतात, एका बाजूने झाकोळून येतं. मग अचानक गार झुळूक लागते आणि जिवाला बरं वाटतं. फसू नका. ढगातून खाली आदळलेली गार हवा जमिनीवर पसरत पाऊस येण्याआधीच तुमच्यापर्यंत पोचलेली असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा: ९ सेकंद म्हणजे वीज ३ किलोमीटरवर. मोजलेले सेकंद ३० च्या आत आले की गाडीबाहेर उघड्यावर थांबायचं नाही.

३. थांबायची जागा आताच ठरवा. माझ्या मते वळवातलं निम्मं ड्रायव्हिंग हेच. तो बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो, त्याच्याशी शर्यत कशाला? ढाब्याचं मोकळं आवार उत्तम. झाडाखाली नको, विजेच्या तारांखाली नको, जाहिरातीच्या फलकाखाली तर मुळीच नको. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात पेट्रोल पंपावर असाच फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. गारा असतील तर गाडीचं तोंड गारांकडे करा. पुढची काच दोन थरांची असते, बाजूच्या काचांपेक्षा ती जास्त सोसते.

काचा लावून आत बसा. विजेपासून टायरचं रबर वाचवत नाही, पत्र्याची बंद पेटी वाचवते, म्हणून दाराला हात लावू नका, चार्जर काढून ठेवा. दुचाकीवाल्यांना ही पेटी नसते. त्यांनी पक्क्या इमारतीत शिरावं. पुलाखाली रस्त्यावरच गर्दी केली तर मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

४. थांबायला जागाच नसेल तर वेग उतरवा, हेडलाइट लोवर ठेवा, साईडपट्टीची पांढरी रेघ धरून चला. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर चाकं पाण्यावर तरंगताहेत. ब्रेक मारू नका, एक्सलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा.

चारही इंडिकेटर लावून चालू नका. भिगवणच्या पुढे एकदा मी तसाच चाललो होतो. पुढच्या ढाब्यावर एक ट्रकवाले काका गाडीपाशी आले, डोक्यावरचं पोतं झटकलं आणि म्हणाले, "साहेब, उभे आहात का चालताय, काय समजायचं आम्ही? लेन बदललीत तेबी कळंना." बरोबरच होतं त्यांचं.

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर मागे फिरा. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलू शकतं आणि खालची फरशी जागेवर आहे की नाही, ते वरून दिसत नाही.

५. उघडल्यावर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीबाहेर फिरू नका. निघाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून पाहा. वळणावर आडवी फांदी असेल असं धरूनच चाला. आणि शेताच्या वाटा रस्त्याला मिळतात तिथे जपा: ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती पहिल्या पावसात लोण्यासारखी होते.