नाटकात करिअर करायचंय? मग आधी 'नाईट' मोजायला शिका

ऑगस्ट-सप्टेंबरात एकांकिका स्पर्धांचा माहोल सुरू झाला की दर वर्षी मला कोणी ना कोणी विचारतंच, दादा मला नाटकातच काम करायचंय, सुरुवात कुठून करू. कोणाला अ‍ॅक्टिंग करायची असते, कोणाला लाइट्स करायच्या असतात, कोणाला नक्की काय करायचंय ते माहीत नसतं पण थिएटर सोडवत नाही. मी पंधरा वर्षं बॅकस्टेजला आहे, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू सांभाळण्यापासून सुरुवात केली आणि आता दोन नाटकांचं व्यवस्थापन बघतो, त्यामुळे जे स्वतः पाहिलंय तेवढंच लिहितोय.

सगळ्यात आधी 'नाईट' हा शब्द समजून घ्या. व्यावसायिक मराठी नाटकात महिन्याचा पगार नसतो, एका प्रयोगाचे पैसे म्हणजे एक नाईट. प्रयोग सकाळी अकराचा असला तरी नाईटच म्हणतात. नट असो, मेकअपमन असो, कपडेपट सांभाळणारी ताई असो की साऊंड ऑपरेट करणारा पोरगा, प्रत्येकाची नाईट ठरलेली असते आणि प्रयोग झाला तरच ती मिळते. प्रयोग कॅन्सल झाला, तुम्ही आजारी पडलात, मेन आर्टिस्टचं शूटिंग आलं, की नाईट गेली. प्रशांत दामलेंनी नोव्हेंबर 2022 मध्ये 12,500 वा प्रयोग केला तेव्हा सगळीकडे तो आकडा गाजला, पण आमच्या लाईनमध्ये प्रयोग मोजण्याची सवय सगळ्यांनाच असते कारण घर त्याच्यावर चालतं.

आता जरा हिशोब करून बघा. समजा तुमची नाईट हजार रुपये आहे. चालणारं नाटक असेल तरी प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे महिन्याला आठ-दहा. झाले आठ-दहा हजार. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की बुकिंग पडतं, गणपतीत पडतं, आयपीएलची फायनल असली की पडतं, धो धो पावसात तर विचारूच नका. म्हणून एका नाटकावर कोणाचंच भागत नाही. बॅकस्टेजची माणसं तीन-तीन चार-चार नाटकं पकडून असतात, दुपारचा प्रयोग ठाण्यात गडकरीला आणि रात्रीचा पार्ल्यात दीनानाथला असं धावतात. नटांना ते जमवणं अवघड, कारण एकाच रविवारी दोन नाटकांच्या तारखा भिडल्या की कोणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि नवीन माणसाने नाही म्हटलं की दुसरा कोणीतरी तयारच असतो.

हे वाचून घाबरू नका. हा हिशोब आधीच माहीत असलेली माणसं टिकतात, आणि माहीत नसलेली दोन वर्षांत कडवट होऊन निघून जातात, हे मी खूप पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं कारण त्यातले काही खरंच चांगले होते.

आता आत यायचं कसं. कॉलेजात असाल तर एकांकिका करा, याला पर्याय नाही. पुण्यात पुरुषोत्तम आणि फिरोदिया, मुंबईत 25 जानेवारीच्या रात्री रंगणारी सवाई, लोकसत्ताची लोकांकिका, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात कितीतरी. या स्पर्धांना निर्माते, दिग्दर्शक, मालिकांची कास्टिंग करणारी माणसं खरंच येऊन बसतात. पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे, तिथे तुम्हाला तुमची माणसं मिळतात. आज ज्यांच्याबरोबर सेट ओढताय ते पाच वर्षांनी दिग्दर्शक होतात आणि फोन तुम्हालाच करतात. कॉलेज संपलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धा आहे, सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं, प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतात, त्यामुळे सांगली, अकोला, रत्नागिरी असं कुठेही असलात तरी जवळच्या हौशी संस्थेत घुसा. नोकरी करणाऱ्यांसाठी कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत.

शिकायचं असेल तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, गोव्यात कला अकादमीचं नाट्य महाविद्यालय आणि दिल्लीला एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. एनएसडीला पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून जे काही कराल त्याचे ब्रोशर, फोटो, सर्टिफिकेट नीट फाईलला लावून ठेवा. 18 ते 25 वयाच्या मुलांसाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप आहे, दोन वर्षं महिना 5,000 रुपये, त्यात नाटकही येतं, आणि आपल्याकडची बरीच मुलं अर्जच करत नाहीत. दोन-तीन महिन्यांत अभिनेता बनवतो म्हणणाऱ्या महागड्या वर्कशॉपवाल्यांपासून मात्र लांब राहा. आणि नाटकात रोल देतो म्हणून तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा, काम करणाऱ्याने पैसे द्यायचे नसतात, घ्यायचे असतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नट व्हायचं असलं तरी एक वर्ष बॅकस्टेज करा. यावर मी जरा सविस्तर लिहितो कारण बाहेरून हे दिसतच नाही.

चारचा प्रयोग असेल तर आमचा टेम्पो बाराच्या आसपास नाट्यगृहाच्या मागच्या गेटला लागलेला असतो. कधीकधी आत सकाळच्या प्रयोगाचा सेट अजून उभा असतो, त्यांनी तो पाडून बाहेर काढायचा आणि आम्ही आमचा आत न्यायचा, दोन टीम एकाच दारातून. मग लेव्हल म्हणजे उंचवट्याचे चौथरे टाकायचे, फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती उभ्या करायच्या, मागून टेकू द्यायचे, दारं उघडझाप होतात का बघायचं. लाइटवाले वरती बारवर स्पॉट लावून अँगल घेतात, साऊंडवाला माईक चेक करतो, कपडेपटात इस्त्री सुरू असते, प्रॉपर्टीवाला टेबलावर एकेक वस्तू मांडत असतो. प्रत्येक नाट्यगृहाची रुंदी वेगळी, खोली वेगळी, शिवाजी मंदिरला फिट बसणारा सेट डोंबिवलीत सावित्रीबाईला गेला की गणित बदलतं, आणि दौऱ्यावर एखाद्या गावात तर विंग, म्हणजे रंगमंचाच्या बाजूची आडोशाची जागाच पुरेशी नसते, तेव्हा नटाची एंट्री कुठून घ्यायची ते जागेवर ठरवावं लागतं. नारळ फुटतो, तीन घंटा होतात, पडदा उघडतो. दोन-अडीच तासांनी टाळ्या झाल्या की प्रेक्षक सेल्फीसाठी नटांकडे आणि आम्ही खिळे काढायला. रात्रीचा प्रयोग असला तर एकला टेम्पो भरला, सकाळी पुण्यात बालगंधर्वला परत तेच.

यात शिकायला काय मिळतं? वेळ. ब्लॅकआऊटमध्ये आठ सेकंदांत टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या बदलायचा, तेही आवाज न करता, हे जमलं की रंगमंच अंगात मुरतो. दुसरं म्हणजे विंगेत उभं राहून एकच सीन शंभर वेळा बघायला मिळतो. तोच नट तोच पंच नाशिकला वेगळा घेतो, पार्ल्याला वेगळा, का घेतो ते विंगेतून दिसतं, समोरून नाही. आमच्या एका नाटकात लाइट ऑपरेट करणारा मुलगा होता, त्याला सगळ्यांचे डायलॉग पाठ. दौऱ्यावर एक नट तापाने फणफणला, हाऊसफुल्ल प्रयोग, पैसे परत करायची वेळ आली होती, तेव्हा त्याने तो रोल केला आणि असा केला की पुढचे तीसेक प्रयोग त्याचेच झाले. रिप्लेसमेंट हा नव्या नटासाठी आत येण्याचा मोठा दरवाजा आहे, आणि विंगेत उभ्या असलेल्या माणसाला तो सगळ्यात जवळ असतो.

ज्यांना अभिनयात रस नाही त्यांच्यासाठी तर मी म्हणेन ही चांगली वेळ आहे, कारण चांगली माणसं कमी पडतायत. लाइटमध्ये जायचं तर जुना डिमर आणि नवीन डिजिटल बोर्ड दोन्ही शिका, कारण सगळ्या नाट्यगृहांत सारखं सामान नसतं. रंगभूषा आणि वेशभूषेत मुली खूप चांगलं काम करतायत, लग्नसराईत मेकअपची कामं आणि वीकेंडला नाटक असं जमतंही. नेपथ्यात सुतारकाम हाताने आलं पाहिजे, नुसतं कॉम्प्युटरवर चित्र काढून सेट उभा राहत नाही. आणि व्यवस्थापन, हे कोणालाच आकर्षक वाटत नाही पण सगळ्यात जास्त टिकाऊ आहे. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र आणणं, जाहिरात, बुकिंग, बसचा मार्ग, कलाकारांच्या डायऱ्या जुळवणं, सोसायटीचे किंवा बँकेचे कॉन्ट्रॅक्ट शो, म्हणजे त्यांनी अख्खे विकत घेतलेले प्रयोग, मिळवणं. ज्याच्या फोनमध्ये कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतचे, गावोगावी प्रयोग लावणारे ठेकेदार आहेत त्याला काम शोधावं लागत नाही.

पैशाचं बोलायला लाजू नका. पहिल्या मीटिंगलाच विचारा, नाईट किती, तालमीचे पैसे किंवा निदान येण्या-जाण्याचा खर्च मिळणार का, दौऱ्यावर भत्ता किती, राहायची सोय काय, पैसे प्रयोगाच्या दिवशी की महिन्याने. नवीन असताना तालमीचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, ते धरूनच चाला. जे ठरेल ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, "दादा आज ठरल्याप्रमाणे" असं साधंच, पण लेखी. मी हे केलं नव्हतं आणि एका निर्मात्याकडे माझ्या 22 नाईट अडकल्या, नाटक बंद पडलं, तो फोन उचलेना, माझ्याकडे कागद काहीच नाही. तेव्हापासून मी एक छोटी डायरी ठेवतो, तारीख, नाट्यगृह, नाटक, नाईट, मिळाले की नाही. पॅन कार्ड द्या, पेमेंट बँकेत घ्या, टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून परत मिळवा, आणि रिटर्न भरलेलं असलं की पुढे कर्ज घेताना कामाला येतं, नाहीतर बँक तुम्हाला उत्पन्नच नाही असं समजते.

दुसरं उत्पन्न ठेवा. यात कमीपणा काही नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाले. आपल्याकडे बँका, रेल्वे, बेस्ट, एसटी, पोस्ट इथल्या नोकऱ्या करत किती माणसांनी रंगभूमी उभी केली. आता व्हॉइस ओव्हर आहे, शाळांचे नाट्यवर्ग आहेत, मालिकेतली छोटी कामं आहेत. मालिका मिळाली तर जरूर घ्या, फक्त तारखांबद्दल दोन्हीकडे खरं बोला.

मुंबई-पुण्याबाहेरचंही बघा. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे, वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मुख्य ठाणं, नाट्य मंडळांची ऑफिसं तिथेच. धान कापणीच्या सुमारास, दिवाळीनंतर सीझन सुरू होतो तो होळीच्या पुढेपर्यंत, गावात मंडई म्हणजे जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. रोज नवीन गाव, रोज रात्री प्रयोग, त्यामुळे त्या चार-पाच महिन्यांत नाईट भराभर जमतात. पण तिथे जाताना पाहुणा म्हणून जाऊ नका, आवाज लागतो, गाणं लागतं, झोपेशिवाय राहायची ताकद लागते, आणि समोर हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून बसलेली असतात, त्यांना गृहीत धरून चालत नाही. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. कोकणात दशावतारी कंपन्या आहेत, त्यांचा सीझन जत्रांचा. गोव्यात गावागावांतल्या उत्सवात नाटकं होतात आणि तिथे दिग्दर्शक, लाइट, मेकअप यांना बाहेरूनही बोलावणी येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये थोडे महिने निम्म्या खुर्च्यांवर चालली, परत बंद, मग 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. त्या काळात माझ्याबरोबरच्या माणसांनी भाजी विकली, वॉचमनची नोकरी केली, काही गावाला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा ज्यांचं नाव रंगमंच कामगार संघाच्या किंवा नाट्य परिषदेच्या यादीत होतं त्यांच्यापर्यंत मदत पोचणं सोपं होतं. म्हणून सभासद व्हा, फी भरा, असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा, आणि उंचीवर चढून काम करणारे असाल तर अपघात विमा काढाच, वर्षाला फार पैसे लागत नाहीत.

सुरुवात करायची असेल तर येत्या रविवारी करा. जवळच्या नाट्यगृहात ज्या नाटकाचा प्रयोग आहे त्याच्या जाहिरातीत व्यवस्थापकाचं नाव असतं, बऱ्याचदा नंबरही. प्रयोगाच्या तीन तास आधी मागच्या गेटला जा, सेट उतरत असताना मध्ये मध्ये बोलू नका, थोडं थांबून विचारा की काका, मला काम शिकायचंय, काही उचलू का. काळे कपडे, रबरी सोलचे बूट, छोटी बॅटरी, चिकटपट्टी, मार्कर बरोबर ठेवा. मोबाईल सायलेंट नाही, बंद. प्रॉपर्टीच्या टेबलावरची वस्तू हलवू नका आणि सेटवरच्या खुर्चीत बसू नका. प्रयोग संपला की निघून जाऊ नका, टेम्पो भरेपर्यंत थांबा, शेवटचा फ्लॅट चढवताना ते स्वतःच विचारतात, पुढच्या शनिवारी येणार का.