पहिली फेल्ट फेडोरा: घेताना, घडवताना, सांभाळताना या चुका टाळा

आजोळी ओसरीवर एक बुरणूस अंथरलेला असायचा. घोंगडं मागावर विणतात, बुरणूस विणत नाहीत. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी शिंपडायचं आणि गुंडाळी करून इतकी तुडवायची की केस न् केस एकमेकांत अडकून बसतो. त्याला उभा धागा नसतो, आडवा नसतो, शिवणही नसते. फेडोरा, म्हणजे माथ्यावर खळगा आणि भोवती काठ असलेली टोपी, ज्याची बनते ते फेल्ट म्हणजे हेच, फक्त कितीतरी बारीक केसांचं आणि पातळ. ओल, ऊब आणि दाब यांनी ते जमतं, आणि पुढे जन्मभर या तिघांना दाद देत राहतं. पहिली फेडोरा घेणाऱ्यांच्या बहुतेक चुका टोपीला कापड समजल्यामुळे होतात. मीही तसंच समजत होतो आणि पहिल्याच पावसाळ्यात टोपी गमावून बसलो. आता जी वापरतो तिला सात वर्षं झाली. या दोन टोप्यांच्या मधे जे शिकलो ते इथे लिहितोय.

नुसतं 'फेल्ट' वाचून पैसे देऊ नका

माझी पहिली टोपी मी ऑनलाइन घेतली होती. वर्णनात 'प्रीमियम फेल्ट' एवढंच होतं. फेल्ट कशाचं, हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. ती निघाली मेंढीच्या लोकरीची, म्हणजे वूल फेल्टची, आणि आकार टिकावा म्हणून तिला भरपूर खळ दिलेली. हातात पुठ्ठ्यासारखी कडक लागायची. जुलैतल्या दोन सरींत ती खळ गेली, काठ कानांवर लोंबायला लागला, वाळल्यावर टोपी आटली आणि कपाळावर बसेना.

दुसरा प्रकार फर फेल्टचा. तो सशाच्या, रानसशाच्या किंवा बीव्हर या पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याच्या अंगाजवळच्या मऊ लवेपासून करतात. ही लव इतकी बारीक असते की फेल्ट पातळ असूनही घट्ट जमतं. पावसाचे थेंब त्यावरून ओघळून जातात आणि एकदा घेतलेला आकार ते धरून ठेवतं. दुकानात पारखायचं असेल तर काठ दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. फर फेल्ट लवचिकपणे वाकतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. स्वस्त वूल फेल्ट एक तर अडून बसतं, नाही तर वाकतं ते वाकलेलंच राहतं. अंगठा फिरवून पाहा: वूल खरखरीत आणि जाड लागतं, चांगलं फर साबराच्या कातड्यासारखं मऊ. लेबलवर '१०० टक्के वूल' लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो, हे मान्य. पैसे बेताचे असतील तर वूल फेल्टची घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पुण्यातल्या थंडीत ती छान दिसते. फक्त तिला पावसात नेऊ नका आणि तिच्याकडून वीस वर्षांची अपेक्षा ठेवू नका.

नावाजलेल्या कंपन्यांची टोपी घेताना आणखी एक गफलत होते. इटलीतल्या आलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ पासूनची, अमेरिकेची स्टेटसन १८६५ पासूनची, ऑस्ट्रेलियाची अकुब्रा सशाच्या लवेसाठी ओळखली जाते. काही कंपन्या, विशेषतः अमेरिकी, फेल्टच्या दर्जासाठी एक्सचे आकडे (जसं १०X) छापतात. या आकड्यांना सगळ्यांचं मिळून असं एकच प्रमाण नाही. एका कंपनीचे दहा एक्स दुसरीच्या दहा एक्सशी ताडून पाहू नका. एकाच कंपनीच्या दोन टोप्यांत निवड करताना मात्र आकडा कामाला येतो.

जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात म्हणा किंवा परदेशातल्या एखाद्या जुन्या मालाच्या दुकानात, सुंदर जुनी फर फेल्ट हॅट दिसली तर एक गोष्ट गंभीरपणे लक्षात ठेवा. पूर्वी सशाची लव चांगली जमावी म्हणून तिला पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण लावत. त्या वाफांनी टोपी कारागिरांचे हात कापायचे, मन भ्रमिष्ट व्हायचं. अमेरिकेतल्या डॅनबरी या टोप्यांच्या गावात या कंपाला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत हे १९४१ च्या डिसेंबरपर्यंत चालू होतं. जुन्या फेल्टमध्ये तो पारा अजूनही असू शकतो. अशी टोपी घरी वाफेवर धरू नका, घासू नका, मुलांच्या डोक्यावर घालू नका. शोभेची म्हणून काचेआड ठेवा.

माप

शिंप्याची टेप भुवयांच्या साधारण बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो फुगीर भाग आहे त्यावरून फिरवा. टेप आवळू नका. तीन वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. ५७ सेंटिमीटर म्हणजे अमेरिकी ७ १/८ आणि ब्रिटिश ७. इथेच परदेशातून मागवणारे फसतात: एकाच डोक्याचा ब्रिटिश आकडा अमेरिकी आकड्यापेक्षा एक अष्टमांशाने लहान असतो. शक्य असेल तिथे सेंटिमीटरमध्येच विचारा.

माप बरोबर असूनही टोपी टोचते, ही तक्रार फार ऐकू येते. कारण डोक्याचा घेर सारखा असला तरी घाट सारखा नसतो. कपाळ आणि मागची बाजू दाबली जात असेल आणि कानांवर फट राहत असेल, तर तुमचं डोकं टोपीपेक्षा लांबट आहे. उलट असेल तर गोलसर. लांबट घाटाच्या टोप्या काही कंपन्या वेगळ्या करतात. फरक थोडा असेल तर टोपी उलटी करून आतली चामड्याची पट्टी, म्हणजे स्वेटबँड, बाहेर वळवा आणि जिथे फट आहे तिथे तिच्यामागे टीपकागदाची घडी सरकवा. वर्तमानपत्र वापरू नका, घामाने शाई उतरते. दोन मापांमध्ये अडलात तर मोठं घ्या. सैल टोपी घडीने बसवता येते, घट्ट टोपी ताणायला गेलात तर पट्टीची शिवण उसवते.

एक बारीकशी खूण: स्वेटबँडच्या आत जो इवलासा बो असतो तो मागे येतो, आणि रिबिनीचा बाहेरचा बो पुरुषांच्या टोपीत डावीकडे. टोपी उलटी घालून काढलेले फोटो मी पुष्कळ पाहिलेत.

वाफेशी घाई करू नका

फेडोरा दोन प्रकारे मिळते: आकार दिलेली, किंवा घुमटासारखी गोल, जिला आपण आकार द्यायचा. गोल टोपी घ्यायला लोक घाबरतात. मला विचाराल तर थोडा धीर असेल तर तीच घ्या, कारण मग ती तुमच्या चेहऱ्याची होते.

चहाची केटली उकळत ठेवा. टोपी वाफेपासून वीतभर अंतरावर धरा आणि हलवत राहा, एकाच जागी रोखू नका. दहा-पंधरा सेकंदांत फेल्ट कोमट आणि मऊसूत होतं, बोटाला ओलसर लागतं. थेंब दिसायला लागले तर तुम्ही पुढे गेलात, थांबा आणि निवू द्या. आता तळहाताची कड माथ्यावर ठेवून पुढून मागे एक लांब खळगा पाडा. पुढची बाजू किंचित खोल राहू दे, मागची उथळ. हात तसाच ठेवून फेल्ट गार होईपर्यंत थांबा. बहुतेक जण इथे घाई करतात. वाफेने फेल्ट सैल होतं, पण आकार ठरतो तो ते निवताना. गरम असतानाच हात काढला की खळगा हळूहळू वर येतो, मग माणूस पुन्हा वाफ देतो, पुन्हा दाबतो, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला फेल्ट दमतं.

मग पुढच्या दोन बाजूंच्या खळ्या. पुन्हा हलकी वाफ, आणि दोन्ही हातांचे अंगठे बाहेरून आत हळूहळू न्या. कणकेच्या गोळ्यात अंगठ्याने पारी करतो तेवढाच दाब हवा. चिमटीत धरून कडक घडी घालू नका. खळीला गोलाई हवी, घडी नको. पुढचं टोक जितकं टोकदार कराल तितक्या लवकर तिथे फेल्ट झिजून चीर पडते, आणि फेल्टची चीर सांधता येत नाही. आरशात पाहा, आवडलं नाही तर आजचा दिवस सोडा, उद्या करा. दोन्ही खळ्या तंतोतंत सारख्या येणार नाहीत. त्यासाठी टोपीला छळू नका.

वाफ रिबिनीवर आणि चामडी पट्टीवर जाऊ देऊ नका. रिबिनीखाली गोंद असेल तर तो सुटतो, आणि चामडं आकसतं. स्वतःची बोटंही सांभाळा, वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त पोळतो.

काठाला लाटा आल्या असतील तर टोपी टेबलावर काठ टेकवून ठेवल्याची ती खूण आहे. काठाला जरा वाफ द्या, टेबलाच्या कडेला तो सपाट पसरा, वर ओलसर सुती फडकं घाला आणि मंद इस्त्री टेकवत टेकवत न्या. ओढू नका. इस्त्री फेल्टला थेट लावली की लव चपटी होऊन चकाकी येते, ती जात नाही.

खुंटी, चिमटी आणि गाडीची मागची काच

आपल्याकडे टोपी खुंटीला अडकवायची सवय आहे. फेडोरा खुंटीवर आठवडाभर राहिली की माथ्यावर टेंगूळ येतं. आलंच, तर बाहेरून थोडी वाफ देऊन आतून चमच्याच्या पाठीने गोलगोल फिरवत ते जिरवा आणि पुन्हा हाताने खळगा बसवा.

टोपी उचलताना पुढच्या खळ्यांना चिमटीत धरू नका. चित्रपटात तसं धरतात, ते दिसतं छान, पण चीर पडते ती तिथेच. पुढून आणि मागून काठाला दोन्ही हातांनी धरा. ठेवताना उलटी, म्हणजे माथा खाली आणि काठ वर. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं आणि कोणीतरी आपुलकीने ती सुलटी करून ठेवतं. घरच्यांना एकदा सांगून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवलेली टोपी संध्याकाळी अर्ध्या मापाने लहान झालेली मिळते. फेल्टपेक्षा चामडी पट्टी आधी आकसते. तसा आपल्या उन्हाळ्यात फेल्ट घालूच नये, ते दिवस गवताच्या टोपीचे.

भिजली तर

फर फेल्ट भिजली म्हणून घाबरायचं कारण नाही, नुकसान होतं ते घाबरून आपण जे करतो त्याने. हेअर ड्रायर, ऊन, गॅसच्या शेजारची उबदार जागा, यांतलं काहीही नको. पाणी झटका, मऊ सुती फडक्याने टिपा, पण चोळू नका. खळ्या हाताने नीट करा. मग स्वेटबँड पूर्ण बाहेर वळवा आणि टोपी त्या पट्टीवरच उभी ठेवा, म्हणजे काठ अधांतरी राहतो आणि आतून हवा खेळते. पंखा लांबून चालेल. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दोन दिवस लागतील, लागू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश फिरवू नका.

रोज टोपी काढल्यावरही तासभर पट्टी बाहेर वळवून ठेवली तर घाम फेल्टमध्ये मुरत नाही. रिबिनीवर पांढरी रेघ उमटली तर ते घामाचं मीठ आहे. ते ओलसर फडक्याने आजच पुसा, पुढच्या महिन्यात ते निघणार नाही. तेलकट डागावर कॉर्नफ्लॉवर रात्रभर टाकून सकाळी ब्रशने झाडा. वरवरचा मळ चित्रकलेच्या मऊ खोडरबराने जातो. ब्रश मऊ केसांचा हवा, आणि फिरवायचा तो लवेच्या कलाने, बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. काळ्या टोपीचा आणि फिक्या टोपीचा ब्रश एकच ठेवू नका, काळी लव फिक्या फेल्टमध्ये अडकून बसते.

कसर

आपल्याकडे फेल्टला पावसाहूनही मोठा धोका कसरीचा. तिच्या अळ्या लोकर, लव, पीस, केस असं सगळं खातात, आणि घाम-तेलाचा अंश असेल तिथे आधी लागतात. म्हणून न पुसलेली, न झाडलेली टोपी माळ्यावर टाकणं म्हणजे त्यांना पान वाढून ठेवणं. ठेवण्याआधी टोपी ब्रशने सगळीकडून झाडा, विशेषतः रिबिनीखालची कड आणि स्वेटबँडची आतली बाजू. अंडी तिथेच असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, दमट हवेत आत बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या सुती साडीत किंवा धोतरात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात उलटी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर फडक्यात बांधून, टोपीला न चिकटतील अशा. तो वास फेल्टमधून लवकर जात नाही. महिन्यातून एकदा खोकं उघडा, टोपी बाहेर काढून हवेशीर ठेवा आणि पुन्हा झाडा. कसरीला अंधार आणि शांतता लागते, ती मोडली की कसर टिकत नाही.

आणि काठावर बारीक खाल्लेली रेघ किंवा वाळूसारखे कण दिसलेच, तर टोपी हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, फेल्टवर नाही. त्याच दिवशी कपाटातल्या शाली, स्वेटर आणि कोपऱ्यातलं जुनं घोंगडंही तपासून घ्या. टोपीला लागलेली कसर बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते.