संस्थेची इमारत दिव्यांगांना वापरता यावी म्हणून करायची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या एखाद्या पतसंस्थेने, वाचनालयाने, मंगल कार्यालयाने वा देवस्थान कमिटीने दुरुस्तीचे काम काढले असेल, तर इंजिनिअरला बोलावण्याआधी पुढील गोष्टी पदाधिकाऱ्यांनी स्वतः पाहून वहीत उतरवून ठेवाव्यात. इमारत दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची सक्ती फक्त सरकारी कचेऱ्यांवर आहे हा समज आधी सोडावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे लोकांची ये-जा असलेली खाजगी इमारतही सार्वजनिक इमारतच ठरते. शाळा, दवाखाना, व्यापारी जागा, धार्मिक स्थळ आणि सांस्कृतिक सभागृह हे सारे त्या व्याख्येत येते. जुन्या इमारतींत तसे बदल करायला या कायद्याचे नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती आणि नियम जून २०१७ मध्ये निघाले, तेव्हा ती केव्हाच उलटून गेली आहे. नव्या बांधकामाचा नकाशा दिव्यांगांच्या सोयीसाठी ठरलेल्या निकषांत बसत नसेल, तर परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे कलम ४४ सांगते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीच्या राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला निव्वळ शिफारशींवर न थांबता बंधनकारक निकष ठरवण्यास बजावले आहे, त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणून काम ढकलण्यात शहाणपण नाही.

पाहणीला निघताना मेझर टेप, पाण्याची लेव्हल नळी, वही आणि एक व्हीलचेअर सोबत असावी. व्हीलचेअर दवाखान्यातून तासाभरासाठी मागून आणली तरी चालते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, एक अंध आणि एक बहिरी व्यक्ती यांना विनंती करून बोलवावे आणि त्या काय म्हणतात ते मध्येच न तोडता लिहून घ्यावे. गावात अशी ओळख नसेल तर ग्रामपंचायतीतील ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याला, म्हणजे सगळे ज्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात त्याला, विचारावे. पाहणीची सुरुवात दारापासून न करता रस्त्यापासून करावी आणि रस्ता, फाटक, पायऱ्या, काउंटर, सभागृह, शौचालय या क्रमाने एकही टप्पा न गाळता शेवटपर्यंत जावे, कारण मध्ये एका ठिकाणी वाट अडली की आधी केलेला सगळा खर्च फुकट जातो.

रॅम्पचा हिशेब आमच्याकडे हमखास चुकतो. पावसामुळे या भागात जोते उंच ठेवण्याची पद्धत आहे आणि शहराच्या जुन्या गल्ल्यांत पायऱ्या थेट गटाराला येऊन टेकतात. निकष १:१२ असा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोते ४५ सेंटीमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटरचा हवा. तेवढी जागा समोर नसते, म्हणून गवंडी दीड-दोन मीटरमध्ये काम उरकतो, आणि जे तयार होते त्यावरून व्हीलचेअर दोघांनी ढकलली तरी चढत नाही, उतरताना तर माणूस तोंडावर पडायचा. त्यामुळे लेव्हल नळीने जोत्याची उंची आधी मोजावी, बाजूच्या बोळातून किंवा मागच्या परसातून वाट निघते का ते पाहावे, आणि कुठूनच निघत नसेल तर छोट्या लिफ्टचा विचार करावा. रॅम्पची रुंदी किमान १.२ मीटर, वर-खाली दीड मीटर सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना ७६० व ९०० मिलीमीटर उंचीवर दुहेरी कठडे हवेत. वर पॉलिश केलेली शहाबादी फरशी मुळीच घालू नये. आषाढात ओल्या चपलांनी तिच्यावर धडधाकट माणूससुद्धा घसरतो.

दारांबाबत चौकटीचे माप न घेता दार पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजावी. ती ९०० मिलीमीटर हवी, आणि उंबरा १२ मिलीमीटरपेक्षा वर असू नये. देवळाचा उंबरा काढायला कोणी तयार होणार नाही हे उघड आहे, पण सभामंडपाचे बाजूचे दार सपाट करण्याला सहसा हरकत घेतली जात नाही. काउंटरचा एक भाग बसून लिहिता येईल इतका, सुमारे ७५० ते ८०० मिलीमीटर उंचीचा ठेवावा.

शौचालय मात्र सवडीने तपासावे. अनेक ठिकाणी ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असते आणि आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या कोंबून बाहेरून कुलूप घातलेले असते. आतली जागा किमान २००० बाय २२०० मिलीमीटर, कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलीमीटर उंच आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याला बाहेर काढता येत नाही. आधाराच्या दांड्या भिंतीत खोल बसवलेल्या हव्यात, आणि त्यांना दोन्ही हातांनी लटकून पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये.

पाट्यांचे काम सीमाभागात थोडे नाजूक आहे, कारण फलकावर कन्नडला साठ टक्के जागा देणे बंधनकारक आहे. त्यात न अडकता मोठी चित्रचिन्हे आणि गडद-फिकट रंगांचा ठळक फरक वापरावा. ब्रेल पाटीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: भारती ब्रेलमध्ये एका उच्चाराला सर्व भारतीय भाषांत बहुधा तेच ठिपके असतात, त्यामुळे मराठी ब्रेल शिकलेल्या माणसाला कन्नड पाटीवरचे ‘शौचालय’ वाचता येते. जिन्याच्या अलीकडे ३०० मिलीमीटरवर स्पर्शाने कळणाऱ्या फरशीची पट्टी असावी. बहिऱ्या सभासदांसाठी टोकन क्रमांकाचा दिवा, आणि आग लागल्यास घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा, एवढी नोंद पुरे.

ही मापे आणि सोबत्यांचे शेरे इंजिनिअरला लेखी द्यावेत आणि अंदाजपत्रकात रॅम्प, दारे, शौचालय व पाट्या यांच्या रकमा वेगवेगळ्या मागाव्यात. ‘इतर किरकोळ’ या एका ओळीत घातलेली कामे पैसे कमी पडले की सर्वांत आधी गळतात. महापालिकेत किंवा पंचायतीत सादर होणाऱ्या कन्नड नकाशावर ही मापे तशीच उतरली आहेत की नाही, हे कन्नड वाचता येणाऱ्या सभासदाकडून सहीपूर्वी ताडून घ्यावे.