हायजीन रेटिंग मिळालंय ना, मग ते दारातच लावा

फोंड्यात आमची छोटी खानावळ आहे, दुपारी फिश थाळी आणि संध्याकाळी भाजीपाव. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, हायजीन रेटिंग घेतलं तेव्हा सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्यामागे टांगलं, देवाच्या फोटोशेजारी. वर्षभरात एका गिऱ्हाइकाने पण ते वाचलं नाही. माणूस बिल देताना ते बघून काय करणार, जेवण तर पोटात गेलेलं असतं! म्हणून जे शिकलो ते सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू. एफएसएसएआयचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन खाण्याच्या सगळ्याच धंद्यांना लागतं, वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन, आणि ते दर्शनी जागी लावावंच लागतं. त्यावरचा 14 आकडी नंबर बिलावर पण हवा, 1 जानेवारी 2022 पासून. हॉटेलात स्वच्छतेचे नियम लिहिलेला जांभळा फूड सेफ्टी बोर्ड असतो तो वेगळा. आणि रेटिंग म्हणजे मान्यताप्राप्त ऑडिट एजन्सीचा माणूस किचन तपासून 1 ते 5 स्मायली देतो ते. डिलिव्हरी ॲपवरचे स्टार म्हणजे हे नव्हे, ते गिऱ्हाईक देतं, आणि त्याला तुमचा फ्रीज आतून दिसत नाही.

आता लावायचं कुठं? दारात, आत शिरणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला. काचेचं दार असेल तर आतल्या बाजूने चिकटवा आणि तोंड रस्त्याकडे करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस काय असतो ते सांगायला नको, बाहेर लावलेला कागद आठ दिवसांत फुगतो, मग शाई पसरते आणि तारीख वाचता येत नाही, म्हणून लॅमिनेट कराच. तव्याजवळ आणि तळणाच्या कढईजवळ नको, तेलाचा थर बसतो, आणि तेलकट झालेलं स्वच्छतेचं सर्टिफिकेट बघून गिऱ्हाईक काय समजेल? मेन्यू, लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं त्याच्यावर चिकटवू देऊ नका. झेरॉक्स काढून बारीक करू नका. हवं तर खाली मराठीत किंवा कोंकणीत एक ओळ लिहा, 'आमच्या किचनची तपासणी झाली आहे', पण मूळ कागदावर काही खरडायचं नाही.

मुदत संपली की त्याच दिवशी काढा. म्हापशात दुसरी शाखा असेल तर तिथं फोंड्याचं रेटिंग लावू नका, ते त्या जागेपुरतंच असतं.

आणि 3 आले तर? लावा. 3 म्हणजे चांगलं, 2 म्हणजे सुधारणा हवी. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तर 2013 पासून रेटिंग दारात लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कमी असलं तरी, आपल्याकडे तशी सक्ती नाही म्हणून लपवायचं हे मला पटत नाही. आम्हाला पण पहिल्यांदा 3 च होते, कच्ची मासळी आणि शिजवलेलं अन्न एकाच फ्रीजमध्ये ठेवायचो म्हणून. दुसरा फ्रीज घेतला, 5 डिग्रीच्या खाली ठेवतो, थर्मामीटर आत लटकवलाय. दारात लावल्यावर नेहमीचे लोक विचारायचे, तीनच का हो? कारण सांगितलं की ऐकून घ्यायचे आणि जेवायला बसायचे.

शेवटचं काम म्हणजे वाढणाऱ्या पोरांना त्या कागदाचा अर्थ समजावून सांगा, कारण गिऱ्हाईक पहिलं त्यांनाच विचारतं.